अभ्यासाची रोजकीर्द : रोज चार ओळी लिहिल्याने विद्यार्थी काय शिकतो?

(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)





गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सहावी ते नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपण एक जादा वही आणायला सांगितली होती. दोनशे पानी, साधी, रेघांची वही. तिच्यावर नाव घातले 'अभ्यासाची रोजकीर्द'. नियम फार नव्हते. रोज संध्याकाळी पुस्तक मिटून ठेवायचे आणि आज जे शिकलो ते चार-सहा ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायचे. जे समजले नाही तेही लिहायचे. आठवड्यातून एकदा ती वही वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला वाचायला द्यायची आणि त्याने खाली एक प्रश्न किंवा एक दुरुस्ती लिहायची. या वहीला मार्क नाहीत.

मार्चमधल्या पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले, "सर, मुलगा रोज पंधरा-वीस मिनिटे त्या वहीत घालवतो. तेवढ्या वेळात दोन प्रश्नोत्तरे पाठ झाली असती. मार्क मिळणार नसतील तर ही वही कशासाठी?" सभेत बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. पुढे विश्वस्तांच्या बैठकीतही हाच विषय निघाला. ही वही पुढच्या वर्षी चालू ठेवावी की बंद करावी, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

प्रश्न रास्त आहे. मुलाच्या वेळेची काळजी पालकांनी नाही करायची तर कोणी करायची? म्हणून सभेत दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवण्याऐवजी मी हा लेख लिहायचे ठरवले. माझे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या मराठीत कुठे हिंदीचे वळण दिसले तर सांभाळून घ्यावे. शुद्धलेखन आपल्या मराठीच्या बाईंनी तपासून दिले आहे.

रोजकीर्द हे नाव का?

माझे वडील एका अडत दुकानात मुनीम होते. दिवसभर माल उतरायचा, वजने व्हायची, हमाली चुकती व्हायची. संध्याकाळी दुकान झाडून झाले की वडील बैठकीवर बसून लाल कापडी बांधणीची रोजकीर्द उघडत. कोणाचे किती पोते आले, कोणाला किती उचल दिली, सगळे त्याच दिवशी लिहायचे. आजचे उद्यावर टाकायचे नाही. मी एकदा विचारले, "बाबा, उद्या लिहिले तर काय बिघडेल?" ते म्हणाले, "उद्या दोन पोत्यांचा विसर पडेल, आणि परवा त्या दोन पोत्यांवरून भांडण होईल."

रोजकीर्दीवरून मग खतावणी होते. म्हणजे एकेका माणसाच्या नावाचे खाते वेगळे निघते. आणि वर्षाच्या शेवटी ताळेबंद. ज्याची रोजकीर्द नीट नाही त्याची खतावणी नीट होत नाही, आणि ताळेबंद तर जुळतच नाही.

विद्यार्थ्याचेही असेच आहे. वार्षिक परीक्षा म्हणजे ताळेबंद. उजळणीच्या वेळी विषयवार काढलेली टिपणे म्हणजे खतावणी. पण रोजची नोंदच नसेल तर टिपणे कशावरून काढणार? मग बाजारातले गाइड आणायचे, म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाची खतावणी आणून आपला ताळेबंद जुळवायचा. आकडे जुळल्यासारखे दिसतात, पण त्यातला माल आपला नसतो.

माझीच एक फजिती

ही गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. पदवी परीक्षेला मी गाइड पाठ करून पास झालो, बऱ्यापैकी मार्कांनी झालो. नोकरीच्या पहिल्या वर्षी सातवीच्या वर्गावर गणित शिकवत होतो. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचे असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे, हा नियम मी फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, उलटा का करायचा?"

मी म्हणालो, "नियम आहे."

तो म्हणाला, "पण का?"

मला उत्तर आले नाही. त्यात आणखी एक अडचण होती. मी सगळे गणित हिंदीत शिकलेलो. माझ्या डोक्यात 'भिन्न' होते, मुलांच्या पुस्तकात 'अपूर्णांक' होता. शब्द पाठ करून मी काम भागवत होतो, पण त्या शब्दामागची वस्तू मला ना हिंदीत दिसली होती ना मराठीत. मुलाला "खाली बस" म्हणालो. आजही त्या दोन शब्दांची मला लाज वाटते.

त्या रात्री जेवताना पानात अर्धी भाकरी होती. आई म्हणाली, "चतकोर आणखी वाढू का?" आणि एकदम उजेड पडला. अर्ध्या भाकरीत चतकोर किती? दोन. म्हणजे १/२ भागिले १/४ बरोबर २. एका पूर्ण भाकरीत चतकोर चार निघतात, म्हणून अर्धीत चाराचे अर्धे, म्हणजे १/२ गुणिले ४. तो 'उलटा' केलेला ४ कुठून आला, ते आता कळले. 'एका पूर्ण भाकरीत किती तुकडे?' या प्रश्नाचे ते उत्तर होते. जेवण झाल्यावर मी हे एका जुन्या वहीत मराठीत लिहून काढले. लिहिताना दोनदा अडलो, दोनदा खोडले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वर्गात पुढे बोलावून भाकरीचे चित्र काढायला लावले.

तेव्हापासून मी वही ठेवतो. वही ठेवल्याने मी विद्वान झालो नाही. पण आपल्याला काय येत नाही हे रोजच्या रोज कळू लागले, आणि शिक्षकासाठी ती थोडी गोष्ट नाही.

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी काय केले होते?

शिकलेले स्वतःच्या भाषेत लिहायचे आणि चारचौघांसमोर ठेवायचे, ही कल्पना नवी नाही. मराठी मुलांनी ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून दाखवली आहे.

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी, त्यांच्या इंग्रज प्राध्यापकांच्या प्रोत्साहनाने, एक सभा स्थापन केली. तिचे इंग्रजी नाव 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'. दादाभाई नौरोजी हे तिच्यातले एक पुढारी. तेव्हा ते विशीतले तरुण होते. सभेत विद्यार्थ्यांनी निबंध वाचायचे आणि बाकीच्यांनी त्यांवर चर्चा करायची, अशी पद्धत होती. पण थोड्याच दिवसांत लक्षात आले की हे सगळे इंग्रजीत चालले तर ज्ञान चार भिंतींच्या आतच राहील. म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे अध्यक्ष होते. सभेतले निबंध सर्वांना वाचता यावेत म्हणून १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले आणि ते १८६७ पर्यंत चालले.

विचार करा. या मुलांनी शास्त्रे शिकली इंग्रजीत. मराठीत त्या शास्त्रांना तेव्हा धड शब्दही नव्हते. तरी त्यांनी लिहिले, आणि लिहिता लिहिता शब्द घडवले. हे विद्यार्थी केवळ लिहूनही थांबले नाहीत. १८४९ साली याच सभेने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला तरुण सभासदच सकाळी सवडीने त्या शाळांत विनावेतन शिकवत. स्वतःला समजलेले दुसऱ्याला सांगायची सवय लागली की माणूस कुठवर जातो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात?

कोणी म्हणेल, मुंबईची गोष्ट वेगळी. म्हणून आपल्या घरची गोष्ट सांगतो.

आज आपला निर्मल जिल्हा वेगळा आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तो आदिलाबादमधून निघाला. पण १९४० च्या दशकात आपण सगळे निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतो, आणि किनवटही तेव्हा याच जिल्ह्यात होते. त्या काळात हैदराबाद संस्थानाच्या सेवेतले एक मराठी अधिकारी या जिल्ह्यात नेमले गेले. त्यांचे नाव सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० साली निलंग्याचा. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. फारसी साधने मराठीत आणून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची मोठी सेवा केली आणि १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण आपल्या जिल्ह्याशी असलेले त्यांचे नाते आपल्याच मुलांना माहीत नसते.

गोंड आणि कोलाम लोकांत काम करायचे तर त्यांची भाषा आली पाहिजे, हे पगडींनी ओळखले. शिकण्यासाठी बाजारात पुस्तक नव्हते. शिक्षक म्हणजे ती माणसेच. ऐकायचे, विचारायचे, टिपून घ्यायचे, पुन्हा विचारून दुरुस्त करायचे, एवढाच मार्ग होता. सरकारी काम सांभाळून त्यांनी केलेल्या या अभ्यासातून आदिलाबादच्या गोंडांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ साली निघाले. १९५० साली कोलामी भाषेचे व्याकरण निघाले, आणि त्यानंतर गोंडी भाषेचे व्याकरणही.

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट वाचावी. बरो आणि एमेनो या दोन विद्वानांनी द्राविडी भाषांचा मोठा व्युत्पत्तिकोश तयार केला. तो १९६१ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला आणि १९८४ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तो वापरतात. त्या कोशात कितीतरी कोलामी शब्दांपुढे 'एस. आर.' अशी खूण आहे. हे एस. आर. म्हणजे सेतुमाधव राव. आपल्या जिल्ह्याच्या जंगलपट्टीत लोकांच्या तोंडून ऐकून टिपलेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. का? कारण तो वेळेवर आणि नीट लिहून ठेवला होता.

याच जिल्ह्यातली आणखी एक आठवण. १९४० च्या जोडेघाटच्या संघर्षात कुमराम भीम यांना मरण आले. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियाहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास करायला सांगितले. ते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मार्लवाई गावात येऊन राहिले. दोघेही वह्यांमध्ये रोजच्या नोंदी ठेवत. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले, आणि गोंड मुलांसाठी पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत छापली गेली. कारण या भागातल्या ज्या थोड्या गोंडांना लिहिता-वाचता येत होते ते मराठीमुळे. आपली लिपी शेजाऱ्याच्या अशी उपयोगी पडली, ही आपल्या समाजाला अभिमानाची गोष्ट आहे. अभिमानाबरोबर जबाबदारीही येते, ती अशी की आपल्या मुलांना ही लिपी केवळ वाचता येऊन पुरणार नाही, तिच्यात विचार मांडता आला पाहिजे.

शास्त्र काय म्हणते?

पालकांचा मुख्य आक्षेप असा की तेवढ्या वेळात पाठांतर झाले असते. याचे उत्तर भावनेने नव्हे, प्रयोगाने दिले पाहिजे.

हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करून ती किती दिवसांत विसरली जातात हे त्याने मोजले. पहिल्याच दिवसात विसरण्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो, असे त्याला आढळले. म्हणजे माझ्या वडिलांचे म्हणणे बरोबर होते : आजचे आजच लिहावे.

दुसरा प्रयोग २००६ सालचा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कारपिक यांचा. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा पुस्तक न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

पालकहो, येथेच आपली फसगत होते. रात्री मुलाने पाठ करून धडाधड म्हणून दाखवले की आपल्याला समाधान वाटते. ते पाच मिनिटांनंतरचे ८३ टक्के असतात. परीक्षा मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी येते. म्हणून आपल्या वहीचा पहिला नियम 'पुस्तक मिटून लिहा' असा आहे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले तर ते अक्षर सुधारण्याचे काम झाले, अभ्यासाचे नव्हे.

कापूस आणि टक्केवारी

आता आपल्याच वह्यांमधले एक उदाहरण देतो. विद्यार्थ्याचे नाव मुद्दाम देत नाही.

आठवीतला एक मुलगा भैंशाकडच्या शेतकरी कुटुंबातला आहे. वर्गात शेकडेवारी चालू होती. त्याने वहीत लिहिले की बाबांबरोबर कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो, तिथे यंत्राने ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात आणि त्याहून जास्त असेल तर माल परत. मग त्याने स्वतःच एक उदाहरण तयार केले : १०० किलो कापसात १२ टक्के पाणी आहे. तो वाळवून ओलावा ८ टक्क्यांवर आणला तर वजन किती राहील? त्याने उत्तर लिहिले, ९६ किलो. बारातून आठ गेले, चार राहिले, शंभरातून चार वजा.

त्या आठवड्यात वही वर्गातल्या एका मुलीकडे वाचायला गेली. तिने खाली लिहिले : "९६ किलोत पाणी ८ किलो राहते. पण ९६ चे ८ टक्के म्हणजे ७.६८. मग ओलावा ८ टक्के कसा?"

वही माझ्यापर्यंत आली. खरे सांगतो, वरवर पाहताना मलाही ९६ हेच बरोबर वाटले होते. त्या मुलीचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. वाळवताना पाणी उडते, पण कोरडा कापूस तेवढाच राहतो. तो आहे ८८ किलो. ओलावा ८ टक्के म्हणजे कोरडा भाग ९२ टक्के. म्हणून ८८ ला ०.९२ ने भागायचे. उत्तर येते सुमारे ९५.६५ किलो. फरक ३५० ग्रॅमचा. एका क्विंटलला तो थोडा वाटेल, गाडीभर कापसाला हिशेब करून पाहावा.

या एका पानातून काय काय शिकून झाले ते पाहा. मुलाने पुस्तकातले गणित घरच्या मालाला लावले. त्याची चूक कागदावर आली म्हणून दिसली. मनातल्या मनात असती तर कधीच सापडली नसती. मुलीने दुसऱ्याचे लिहिणे लक्ष देऊन वाचायला आणि न दुखावता प्रश्न विचारायला शिकले. आणि मुख्याध्यापकांनाही एक धडा मिळाला. त्या मुलाने खाली लिहिले, "माझे चुकले होते, आता समजले." वर्षभराच्या सगळ्या वह्यांतले हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. गाइड पाठ करणाऱ्याला हे वाक्य लिहिण्याची वेळ कधी येतच नाही.

मराठीतच का?

एका आईंनी वेगळा प्रश्न विचारला. "घरी मराठी बोलतोच. वही इंग्रजीत लिहू द्या, पुढे उपयोग होईल."

आपल्या मुलांची परिस्थिती मी जाणतो. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि तेलुगू, वरच्या वर्गात इंग्रजी. तेलुगू शिकणे २०१८ च्या राज्याच्या कायद्याने सर्व शाळांत सक्तीचे झाले आहे आणि ते योग्यच आहे. ज्या मातीत आपल्या कित्येक पिढ्या गेल्या तिची भाषा आलीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की चार भाषांत मुलगा विचार कोणत्या भाषेत करणार? अनेक मुलांना चारही भाषा थोड्या थोड्या येतात आणि एकीतही सलग पाच वाक्ये लिहिता येत नाहीत. ही माझी खरी चिंता आहे.

म्हणून वहीत सक्ती ठेवलेली नाही. कोणत्याही भाषेत लिहा, पण आठवड्यातून दोन दिवस मराठीत लिहा. 'इव्हॅपोरेशन' शब्द इंग्रजीत पाठ होतो, पण आजीला सांगायचे असेल तर 'ओले धोतर उन्हात का सुकते' असे सांगावे लागते. आजीला समजले तर आपल्याला समजले असे धरावे. आणि आजी-आजोबांनीही वही मागून वाचावी, ही विनंती.

मोबाईलचे काय?

आज मोबाईलला प्रश्न विचारला की क्षणात निबंध तयार मिळतो, तोही न चुकता. काही वह्यांत असे उतारे आले. ओळखायला वेळ लागला नाही, कारण त्यात एकही खाडाखोड नव्हती आणि एकही शंका नव्हती. मी त्या मुलांना रागावलो नाही. त्यांना एवढेच विचारले, "यातले दुसरे वाक्य मला समजावून सांग." ते शांत उभे राहिले. मला माझी 'खाली बस' वाली गोष्ट आठवली.

आपल्या गावच्या नकाशी कारागिरांचे काम सर्वांनी पाहिले आहे. आधी पोनीकीचे हलके लाकूड कोरतात, चिंचोक्याची खळ आणि भुसा यांच्या लगद्याने सांधे जोडतात, वरून घासून गुळगुळीत करतात, आणि मग रंग चढतो. लोक रंग पाहून खेळणे विकत घेतात. पण आत लाकूडच नसेल तर रंग कशावर चढवणार? मोबाईल माहिती शोधायला जरूर वापरावा. वहीत मात्र लाकूड आपले हवे, ओबडधोबड असले तरी चालेल.

जे जमले नाही

विश्वस्तांसमोर केवळ चांगलेच सांगितले तर तो हिशेब खरा होणार नाही. वर्षभरात पुष्कळ चुका झाल्या. पहिले दोन महिने बहुतेक मुलांनी धड्यातली वाक्येच उतरवली. काहींनी रविवारी बसून सहा दिवसांचे एकदम लिहिले. एकमेकांच्या वहीत "छान आहे" एवढेच लिहिण्याची सवय काहींना लागली. शिक्षकांवर कामाचा भार वाढला. आणि या वहीमुळे मार्क वाढले असा दावा मी करू शकत नाही. एका वर्षात तसे सिद्ध होत नाही.

पण एवढे मात्र मी पाहिले की वर्गात विचारले जाणारे प्रश्न वाढले. "सर, समजले नाही" हे वाक्य मुले आता मान खाली न घालता म्हणतात.

पुढच्या वर्षासाठी

वही चालू ठेवायची ठरल्यास पुढील पद्धत असावी असे मी सुचवतो.

१. पुस्तक मिटून, दहा-पंधरा मिनिटेच, जास्तीत जास्त आठ ओळी. आजचे आजच.

२. शेवटच्या ओळीत एक शंका. शंका नसेल तर रोजच्या जगण्यातले एक उदाहरण.

३. वाचणाऱ्या मित्राने केवळ "छान" लिहू नये. एक प्रश्न लिहावा. चूक दाखवताना माणसाला नव्हे, वाक्याला धरावे.

४. चुकलेले खोडून नाहीसे करू नये. एक रेघ मारून खाली दुरुस्ती लिहावी. रोजकीर्दीत पान फाडत नाहीत.

५. शिक्षकांनी रोज सर्व वह्या पाहू नयेत. रोज पाच वह्या नीट पाहाव्यात.

६. दर महिन्याला प्रत्येक वर्गातले एक पान भित्तिपत्रकावर लागावे. सुंदर अक्षराचे नव्हे, ज्यातून सर्वांना काही शिकता येईल असे.

७. पालकांनी आठवड्यातून एकदा वही उघडून मुलाला एवढेच विचारावे, "हे मला सांग." आपल्याला लिहिता-वाचता येत नसेल तरी हरकत नाही. ऐकणारा लागतो.

परीक्षेच्या महिन्यात वहीला सुट्टी द्यावी, ही पालकांची सूचना मला मान्य आहे.

विश्वस्त मंडळींना विनंती की निर्णय घेण्यापूर्वी कार्यालयात येऊन कोणत्याही दहा वह्या स्वतः निवडून वाचाव्यात. चांगल्या वह्या मी बाजूला काढून ठेवलेल्या नाहीत. आणि त्यांच्याबरोबर अकरावी वही माझी ठेवली आहे. तिच्यात गेल्या आठवड्यातले पान ९५.६५ किलोचे आहे, आणि त्याच्या वर एका रेघेने खोडलेले ९६ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, बासरला सरस्वतीसमोर आपल्यापैकी कित्येकांचे अक्षराभ्यास झाले. आई-वडिलांनी हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतले. तो हात त्यांनी केव्हाच सोडला आहे. आता पुढचे अक्षर आपले आपण काढायचे आहे. आज संध्याकाळी पुस्तक मिटा आणि चार ओळी लिहा.

आपला,
मुख्याध्यापक